कमी साहित्यात रानात निभावणे : सह्याद्रीत हे कौशल्य कसे शिकावे

ऐरोलीत राहणाऱ्या एका तरुणाने मला विचारले आहे की, गेली सहा वर्षे तो सह्याद्रीतील गडकिल्ले हिंडतो आहे. तंबू उभारणे, चुलीवर स्वयंपाक करणे, दोराच्या नेहमीच्या गाठी मारणे एवढे त्याला येते. आता पाठीवर मोठी सॅक न घेता, एक कोयती, एक भांडे आणि थोडी दोरी एवढ्यावर रानात दोन-तीन दिवस निभावण्याइतके कौशल्य त्याला मिळवायचे आहे, तर सुरुवात कोठून करावी आणि क्रम कोणता ठेवावा? मी ठाण्यात राहतो आणि पंचवीसएक वर्षे शहापूर, मुरबाड व कर्जत भागांतील डोंगरांत हेच शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देतो.

तुम्ही जे व्हिडिओ पाहून या विषयाकडे वळला असाल, त्यांतील बहुतेक उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत तयार झालेले आहेत. तेथील माणसाला थंडी मारते, म्हणून त्याची सारी विद्या निवारा आणि आग यांच्याभोवती उभी असते. आपल्याकडे मार्च ते मे या काळात माणूस उष्णतेने आणि तहानेने कोसळतो, पावसाळ्यात लोंढ्यात वाहून जातो किंवा निसरड्या कातळावरून घसरतो, आणि वर्षभर वाट चुकून नको त्या कड्यावर जाऊन अडकतो. म्हणून आपल्या डोंगरांत पहिले कौशल्य भूगोल वाचण्याचे आहे, दुसरे पाण्याचे, आणि आग त्यानंतर येते. हा क्रम अनेकांना निराश करतो, कारण लाकडावर लाकूड घासून ठिणगी काढणे दिसायला फार आकर्षक असते.

परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलल्याने काय होते, याचे सर्वांत घातक उदाहरण ओढ्याचे आहे. ‘वाट चुकलात तर पाण्याच्या प्रवाहाबरोबर खाली जा, पाणी तुम्हाला वस्तीपर्यंत नेईल’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. सपाट किंवा मंद उताराच्या प्रदेशात ते खरे ठरते. सह्याद्री मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या आडव्या थरांचा बनलेला आहे, आणि हे थर झिजताना जिन्याच्या पायऱ्यांसारखे कापले गेले आहेत. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ हे जे नाव मिळाले, तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. पायरीचा सपाट भाग म्हणजे आपण ज्याला पदर म्हणतो तो, आणि उभा भाग म्हणजे कडा. ओढा पदरावरून निवांत वाहतो आणि कड्यावर आला की धबधबा होऊन कोसळतो. म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणाकडे ओढ्याने उतरू लागलेला माणूस जवळजवळ खात्रीने कोरड्या किंवा ओल्या धबधब्याच्या तोंडाशी पोहोचतो.

मी स्वतः असा पोहोचलो आहे. बावीस वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मुरबाड तालुक्यातील एका किल्ल्यावरून उतरताना आम्ही दोघांनी, वेळ वाचेल म्हणून, एक नाळ, म्हणजे कड्यांमधली उभी अरुंद घळ, धरली. पहिला टप्पा बसून घसरत उतरलो, दुसरा हातांवर लोंबकळून उतरलो, आणि तिसऱ्या टप्प्याला समोर शंभरेक फुटांचा सरळ तुटलेला कडा होता. वर पाहिले तर घसरत उतरलेले टप्पे तिन्हीसांजेच्या अंधारात चढण्यासारखे नव्हते. दोघांत मिळून अर्धा लिटर पाणी होते आणि दिवसभर तापलेला कातळ रात्री बारापर्यंत ऊब सोडत होता. सकाळी सहाला कसेबसे वर चढलो, तेव्हा धारेवरची, म्हणजे डोंगराच्या कण्यावरची, मळलेली ढोरवाट आमच्यापासून फार तर दोनशे मीटरवर असल्याचे दिसले. पायथ्याच्या वाडीतील ठाकर आजोबांनी पाणी दिले आणि एवढेच विचारले, ‘‘धारेनं का नाय आलात? नाळंत गुरं बी उतरत नाहीत.’’ तेव्हापासून मी शिकवताना हेच वाक्य वापरतो. वाट हरवली तर थांबावे, बसून पाणी प्यावे, आणि जेथपर्यंत वाटेची खात्री होती त्या ठिकाणी माघारी जावे. ते जमत नसेल तर सोंडेवर किंवा धारेवर चढावे, कारण तेथून दिसते, मोबाइलची रेंज मिळण्याची शक्यता वाढते आणि शोधायला आलेल्या लोकांनाही तुम्ही दिसता. उतरून परत चढता येणार नाही असा एकही टप्पा दोराशिवाय उतरू नये.

दिशा ओळखण्याचेही असेच आहे. ‘दुपारी बारा वाजता सावली उत्तरेला पडते’ हा नियम ठाण्यात वर्षभर चालत नाही. आपण सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवसांना आपण शून्य सावलीचे दिवस म्हणतो, आणि या दोन तारखांच्या दरम्यान माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सावलीवरून उत्तर ठरवणारा माणूस नेमका उलटा चालू लागेल. त्याऐवजी काठी रोवून सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा, वीस-पंचवीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवावा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेषा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, आणि हे बाराही महिने, ऊन असेल तेव्हा, कामचलाऊ अचूकतेने चालते. रात्री ध्रुवतारा शोधताना लक्षात ठेवा की तो आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवरच असतो; हात पूर्ण ताठ धरून मुठीवर मूठ ठेवली तर एक मूठ सुमारे दहा अंशांची होते, म्हणजे दोन मुठींपेक्षा किंचित कमी. उत्तरेला डोंगर असेल तर तो दिसणारच नाही. सप्तर्षी मावळलेले असतील तर शर्मिष्ठा या तारकासमूहावरून अंदाज घ्यावा. झाडाच्या शेवाळावरून दिशा सांगणाऱ्यांना पावसाळ्यात एकदा येऊरला न्यावे. तेथे शेवाळ सर्व बाजूंना असते.

आता पद्धतीकडे येतो. साहित्य कमी करत जाणे हा अभ्यासाचा शेवटचा टप्पा आहे, आणि तो मी ज्या रीतीने करून घेतो ती अशी. पहिल्या वर्षी सर्व साहित्य बरोबर न्यायचे, परंतु त्यातील तंबू, बॅटरी, लायटर, तयार अन्न आणि जादा पाणी एका पिशवीत भरून पिशवीचे तोंड सुई-दोऱ्याने शिवून टाकायचे. रात्र काढायची ती पिशवीबाहेरच्या वस्तूंवर. गरज पडली तर टाके निःसंकोच तोडायचे. त्यात कमीपणा नाही, पण का तोडले, किती वाजता तोडले आणि त्या आधी काय काय करून पाहिले होते हे वहीत त्याच वेळी लिहायचे. सलग तीन वेळा, तीन वेगळ्या ऋतूंत, पिशवीतील एखादी वस्तू लागली नाही, तरच ती घरी ठेवण्याचा विचार करायचा. प्रथमोपचाराची पेटी, शिटी, चार्ज केलेला मोबाइल आणि एक लिटर राखीव पाणी मात्र मी आजही घरी ठेवत नाही. माझ्याकडे येणारी काही मुले याला फसवणूक म्हणतात. त्यांना म्हणू द्यावे.

एकट्याने सराव करू नये, आणि सुरुवातीला वस्तीपासून अर्ध्या तासाच्या पलीकडे जाऊ नये. घरी लेखी सांगून जावे: कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन न आल्यास काळजी करायची आणि त्या वेळी प्रथम कोणाला कळवायचे. पायथ्याच्या गावातील एका घरीही हेच सांगावे, कारण हाक प्रथम त्यांनाच ऐकू जाणार असते.

सरावाची जागा हा ठाणेकरांचा खरा प्रश्न आहे. येऊर दारात आहे म्हणून सर्वांना तेथेच जावेसे वाटते, पण येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे रात्री मुक्काम करणे, आग लावणे, फांद्या तोडणे यांतील काहीही करता येत नाही, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा होतो. कर्नाळा, तानसा आणि तुंगारेश्वर ही अभयारण्ये आहेत, तेथेही तेच. राखीव वनांत आग लावण्यास १९२७च्या भारतीय वन कायद्याने मनाई आहे. खारघरच्या आणि पारसिकच्या टेकड्यांवर दिवसा चालण्याचा, उतार वाचण्याचा सराव उत्तम होतो, मात्र पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात असलेली बंदी पाळावी. येऊरलाही दिवसा, परवानगीच्या वेळेत, झाडे ओळखायला जरूर जावे. मुक्काम आणि आग यांसाठी खासगी जमीन शोधावी. शहापूर किंवा मुरबाड बाजूला कोणा मित्राचे माळरान, शेताच्या कडेची पडीक जागा, मालकाची परवानगी असलेली आंबराई. मी गेली अनेक वर्षे एका शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरात, कापणी झाल्यावर, हे शिकवतो. खाचरात जळण्यासारखे काही नसते, बांधामुळे वारा अडतो आणि चूक झाली तर ती खाचरापुरतीच राहते.

पाण्यावर मी सर्वांत अधिक वेळ देतो. ‘पाण्याशिवाय तीन दिवस’ हा प्रचलित अंदाज सावलीत, विश्रांती घेत असलेल्या माणसाचा आहे. एप्रिलच्या उन्हात चढण चढताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि अशा दिवशी दुपारपर्यंतच माणसाचे डोके चालेनासे होते. म्हणून उन्हाळ्यात पहिला नियम घाम वाचवण्याचा: चालणे पहाटे आणि संध्याकाळी, अकरा ते चार सावलीत. बाटलीत पाणी शिल्लक ठेवून माणूस मूर्च्छित झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, त्यामुळे तहान लागली की प्यावे आणि काटकसर हालचालीत करावी.

पाणी शोधण्यासाठी आपल्या पूर्वजांनी डोंगरात जी कामे करून ठेवली आहेत ती वाचायला शिका. कान्हेरीच्या लेण्यांत जवळजवळ प्रत्येक विहारापाशी टाके, म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा हौद, आहे. तेथील प्राकृत शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कातळावरून येणारे पाणी बारीक चरांनी कोणत्या बाजूला वळवले आहे, टाक्याचे तोंड किती लहान ठेवले आहे, ते उताराच्या कोणत्या टप्प्यावर खोदले आहे, हे दिवसभर फिरून पाहिले तर नाणेघाटात किंवा माहुलीवर टाके कोठे असेल याचा अंदाज तुम्हाला लागू लागेल. खांब सोडून डोंगराच्या पोटात खोदलेली टाकी उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत टिकतात, उघडी टाकी बहुधा मार्चमध्येच हिरवी पडतात. याखेरीज संध्याकाळी पारव्यांचे थवे कोणत्या घळीत उतरतात, मधमाश्या कोणत्या दिशेने सरळ जातात, गुरांच्या वाटा कोठे एकत्र येतात, हे पाहावे. उंबर दिसला की पाणी जवळ आहे असे म्हणतात. ते पाणी बहुधा जमिनीखाली असते, वर असेलच असे नाही. कोरड्या ओढ्याच्या वळणावर, बाहेरच्या बाजूला, कोपरभर खड्डा खणून तासभर वाट पाहावी. ओल जाणवली तर खणत राहावे, नाही तर घाम वाया घालवू नये. जमिनीत खड्डा करून वर प्लॅस्टिक ताणून बाष्पाचे पाणी मिळवण्याचा प्रयोग घरी अवश्य करून पाहा, म्हणजे खणताना गेलेला घाम आणि दिवसअखेर मिळालेले पेलाभर पाणी यांचा हिशेब तुम्हालाच कळेल. ऐनाच्या खोडातून पाण्याची धार निघते तो व्हिडिओ खोटा नाही, काही ऐनांच्या खोडात पाणी साठते हे खरे आहे, परंतु कोणत्या झाडात ते आहे हे ओळखण्यासाठी झाडामागून झाड छिन्न करणे कायद्याने आणि विवेकाने दोन्ही रीतींनी चूक आहे.

मिळालेले पाणी स्वच्छ दिसले तरी उकळावे. आपल्याकडचे कोणतेही शिखर, अगदी १६४६ मीटरचे कळसूबाईसुद्धा, इतके उंच नाही की उकळण्याची वेळ वाढवावी लागेल. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरेसे आहे. गढूळ असेल तर आधी जुन्या सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे किंवा तुरटी फिरवून निवळू द्यावे. क्लोरीनच्या गोळ्या वजनाने नगण्य असतात, आग पेटत नसेल तेव्हा त्याच कामाला येतात, पण गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबावे लागते. म्हणूनच तुमच्या यादीतील भांडे मला कोयतीपेक्षा महत्त्वाचे वाटते. धार लावलेल्या दगडाने दोरी कापता येईल, भांड्याशिवाय पाणी उकळणे मात्र फार वेळखाऊ आहे. भांडे जाड बुडाच्या स्टीलचे, झाकण असलेले, लिटरभराचे घ्यावे. घामाने क्षार गेले असतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण पाठ असावे. मिठाचा अंदाज चुकला तर अपाय होतो, म्हणून साखर-मिठाची मोजून बांधलेली पुडी बरोबर ठेवणे उत्तम.

आगीबाबत माझे मत थोडे कडक आहे. काडेपेटी दोन ठिकाणी, मेण लावलेल्या डबीत, ठेवणाऱ्याला मी हुशार समजतो. घर्षणाने आग काढणे शिकावे ते लाकूड समजण्यासाठी. आपल्याकडे ही विद्या नवी नाही. यज्ञात आजही अरणी, म्हणजे खास लाकडाचे दोन तुकडे, घुसळून अग्नी काढतात, आणि लाकडाच्या दांड्याला दोरीचा वेढा देऊन तो पुढेमागे फिरवण्याचे तत्त्व तेथेही तेच आहे. लाकूड हलके, पूर्ण वाळलेले, नखाने दाबले तर खूण उमटेल इतके मऊ असावे. पांगारा आणि काटेसावर यांच्या वाळून पडलेल्या फांद्यांवर सुरुवात करावी. घासून पडणारी भुकटी फिकट आणि भरड असेल तर दाब किंवा गती कमी पडते आहे; ती गडद तपकिरी, बारीक आणि धुरकट झाली की थांबून तिला एकत्र येऊ द्यावे. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत फोडांखेरीज काही मिळत नाही. सोसायटीच्या गच्चीवर हा सराव करू नये; धूर पाहून पहारेकरी आणि पाठोपाठ सचिव वर येतात, हे स्वानुभवाने सांगतो.

ठिणगी कशीही मिळो, ती धरण्यासाठी काही तरी लागते. काटेसावरीचा कापूस, नारळाचा पिंजलेला काथ्या, वाळक्या गवताचा चोळून केलेला गोळा हे आपले साहित्य आहे. जुन्या काळी चकमक, गारगोटी आणि सावरीचा कापूस एकाच चंचीत असत. दख्खनच्या खडकाच्या पोकळ्यांत गारगोट्या मुबलक सापडतात, त्यामुळे पोलादाचा चांगला तुकडा असेल तर हे आजही जमते. निखारा टिकवायला शेणाच्या गोवरीसारखी वस्तू नाही. पेटलेली गोवरी राखेत पुरली तर तासन्‌तास धुमसते आणि पुन्हा फुंकर घालून पेटते. पावसाळ्यात जमिनीवरचे लाकूड गोळा करू नये. झाडालाच अडकून राहिलेली वाळकी फांदी आणून ती उभी फोडावी, आतला गाभा कोरडा असतो. फेब्रुवारीनंतर मात्र गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. त्या दिवसांत वनखाते जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढत असते आणि आपण तेथे आगीचा सराव करावा हे शोभत नाही. मी फेब्रुवारी ते जून आग शिकवतच नाही.

दोरी स्वतः वळता येणे हे सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत उपयुक्त कौशल्य आहे. शेताच्या बांधावरची घायपाताची पाने ठेचून, खरवडून, धुऊन वाख, म्हणजे पानातले तंतू, काढावा. रस अंगाला लागला तर खाज येते, म्हणून पाण्यात काम करावे. केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या, सालीचे दोर आपल्या डोंगरांत पूर्वापार वळतात. दोन पदरांना वेगवेगळा उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोघांना एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे, एवढेच तत्त्व आहे. रोज रात्री टीव्ही पाहताना सुतळी उकलून ती पुन्हा वळत बसलात तर महिन्याभरात हात बसेल. नवे तंतू दोन्ही पदरांत एकाच ठिकाणी जोडू नयेत, दोरी तेथेच तुटते.

निवाऱ्यासाठी मोठी झोपडी उभारण्याचा हट्ट सोडावा. त्याला लागणाऱ्या कारवीच्या आणि फांद्यांच्या तोडीला परवानगीच मिळणार नाही, आणि त्याची गरजही नसते. आपल्या भातशेतीत बांबूच्या कामट्यांवर पळसाची पाने बसवून केलेले इरले पाठीवर घेऊन माणसे दिवसभर पावसात वाकून काम करत आली आहेत, आणि धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब देते; या दोन वस्तूंत कमी साहित्याची सारी विद्या आली आहे. आज तीन मीटर लांबीचे साधे प्लॅस्टिक आणि लोकरी कापड घेतले तरी तेच साधते. जुलैमध्ये घाटमाथ्यावर भिजलेल्या सुती कपड्यांत वारा लागला, की वीस अंश तापमानातही माणूस कुडकुडून बडबडू लागतो. ही थंडी बर्फातली नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. खाली वाळक्या गवताचा वीतभर थर घालावा, कारण जमीन वरच्या हवेपेक्षा जास्त ऊब ओढून घेते. जागा निवडताना प्रथम वर पाहावे: मोहोळ, वाळकी फांदी, सुटा दगड. मग उताराकडे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, आणि ती वाडी पनवेलपासून फार दूर नव्हती. पावसाळ्यात भिजलेल्या उभ्या उताराच्या पायाशी आणि ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये, मग ती जागा कितीही सपाट दिसो. खिंडीत वारा, खोलगटात थंडी आणि गुहेत बहुधा वटवाघळे असतात.

अन्नाला मी शेवटी ठेवतो, कारण दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात उपाशी राहून कोणी मरत नाही, पण चुकीचे खाऊन मरते. ओळख बाजारातून सुरू करावी. पावसाळ्यात ठाणे स्थानकाच्या परिसरात आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळे, करटोली घेऊन बसतात. विकत घ्या, कशी करायची ते मावशींना विचारा, घरी शिजवून खा, आणि पुढच्या खेपेस तीच वनस्पती त्यांच्या पाड्यावर उभी असलेली दाखवायला सांगा. शेवळे काकडाच्या आंबट फळांशिवाय किंवा चिंच-आमसुलाशिवाय शिजवले तर घसा धरतो. कडू करांदे राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खायचे असतात. या कृती कातकरी आणि ठाकर घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. हे ज्ञान फुकट लुबाडू नये, दिवसाची मजुरी देऊन शिकावे. कळलावीचा कंद, गुंजेचे बी, धोतरा, कण्हेर यांना नीट ओळखून दूर ठेवावे. जंगली अळंबी स्वतःच्या हिमतीवर कधीही खाऊ नये, आणि ‘माकड खाते म्हणजे चालते’ यावर विसंबू नये. जिभेला लावून, तासन्‌तास थांबून अनोळखी पान तपासण्याची जी रीत सांगितली जाते ती मी शिकवत नाही, कारण काही विषांची लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसतात. फासे लावून ससा, घोरपड धरणे हा गुन्हा आहे. त्याचा सरावसुद्धा करू नये.

सापाबद्दल थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर आपल्याकडचे प्रतिसर्पविष चालते. हिरव्या चापड्यावर ते चालत नाही. चावल्यास कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि १०८ला फोन करून तालुक्याच्या शासकीय रुग्णालयाकडे निघावे. कोकणातील लाल विंचूही तितकाच गंभीर घ्यावा. दंशानंतर दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे दिसले तर वेळ घालवू नये. त्यावर प्रॅझोसिन हे औषध उपयोगी पडते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले, आणि आज ग्रामीण डॉक्टरांना ते ठाऊक असते. आग्या मोहोळ उठले तर तोंड झाकून पळत राहावे, पाण्यात उडी मारू नये, आणि सुरक्षित जागी आल्यावर काटे नखाने खरवडून लगेच काढावेत. किल्ल्यावर धूर आणि अत्तर दोन्ही टाळावीत.

औपचारिक शिक्षणाबद्दल विचारले जाते म्हणून सांगतो. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ सालची आणि उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ची. तेथील सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा, पण तो शिस्त, दोरकाम आणि संघात वागणे यांसाठी. सह्याद्रीचे रान तेथे शिकता येणार नाही. त्याच्या आधी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मात्र पूर्ण करावे.

तुमच्यासाठी मी वर्ष असे मांडेन. नोव्हेंबरमध्ये खाचरात दोन रात्री, शिवलेल्या पिशवीसह; या काळात अंधार सहाच्या पुढे लगेच पडतो, त्यामुळे दुपारी तीनला सारे काम थांबवून निवारा लावण्याची सवय लागते. डिसेंबर-जानेवारीत आग आणि दोरी. मार्चमध्ये एक दिवस, मुक्काम न करता, केवळ पाणी शोधण्यासाठी, आणि त्या दिवशी तुमचे स्वतःचे तीन लिटर पाणी सॅकमध्ये असलेच पाहिजे. मेमध्ये काठीच्या सावलीचा प्रयोग, तो ऐरोलीच्या कोणत्याही मैदानातही होईल. जुलैमध्ये प्लॅस्टिकच्या छपराखाली, गावालगत, एक भिजलेली रात्र. ऑगस्टमध्ये भाजीबाजार. आणि येत्या रविवारी, काहीही साहित्य न घेता, खारघरच्या टेकडीसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसा. समोरच्या उतारावरचे पदर, सोंडा, नाळा आणि कडे काढा, आणि पाऊस पडला तर पाणी कोठून कसे उतरेल ते बाणांनी दाखवा. तो कागद जपून ठेवा. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर त्याच जागी बसून तो तपासायचा आहे.